परतीचा पत्ता

एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात, लेखा विभागाच्या मागच्या खोलीत, एक सर्व्हर आहे. कर्जखाती, ठेवी, हप्त्यांच्या तारखा, सगळा कारभार त्याच्यावर. त्यात दोन डिस्क आहेत, एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी काउंटरवरचे काम अडू नये. गेल्या वर्षी त्यातली एक गेली. काम अडले नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आले नाही. सर्व्हरच्या मात्र ते लगेच लक्षात आले होते. रोज पहाटे 6 वाजून 25 मिनिटांनी तो ‘डिस्कची जोडी तुटली आहे’ असा मेल तयार करत होता आणि संस्थेने घेतलेल्या बाहेरच्या मेलसेवेकडे सोपवत होता. मेलसेवा तो घेत नव्हती. दुसरी डिस्कही कुरकुरू लागली तेव्हा आमच्या एका स्नेह्यांना बोलावणे आले. त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो होतो. त्यांनी सर्व्हरचा मेल-लॉग उघडला आणि पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसू लागली: 450, पाठवणाऱ्याचा पत्ता नाकारला, डोमेन सापडत नाही. नाकारलेला पत्ता होता ‘रूट@हिशेब.लोकलडोमेन’.

450 हा ‘आत्ता नाही, नंतर पाहू’ असे सांगणारा आकडा आहे. पोस्टफिक्स हा मेल-प्रोग्रॅम असे उत्तर मिळालेले पत्र रांगेत ठेवतो आणि मूळ ठेवणीप्रमाणे 5 दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. नंतर तो हात टेकतो आणि ‘पत्र पोचले नाही’ अशी सूचना पाठवणाऱ्याला परत करतो. इथे पाठवणारा कोण, तर त्याच सर्व्हरवरचा ‘रूट’, म्हणजे त्याचे मुख्य व्यवस्थापकीय खाते. त्यामुळे सूचनाही त्याच सर्व्हरवर, रूटच्या टपालफाइलीत जाऊन पडत होती. ती फाइल उघडून पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते. शंभराहून अधिक सूचना तिथे साचल्या होत्या. यंत्राने हाक मारली होती, हाक पोचली नाही हेही त्याने सांगितले होते, आणि दोन्ही गोष्टी त्या बंद खोलीच्या आतच राहिल्या.

हा प्रसंग एका पतसंस्थेचा असला तरी दुखणे फार जागी आहे. शाळांचे निकालपत्रकांचे सर्व्हर, साखर कारखान्यांचे वजनकाट्याचे संगणक, दवाखान्यांच्या प्रयोगशाळा, छोटे कारखाने, सगळीकडे अशी अंतर्गत यंत्रे आता मेल पाठवतात. बॅकअप झाला, बॅकअप फसला, जागा संपत आली, पगारपत्रक तयार आहे, पासवर्ड बदला. ही यंत्रे बसवताना मेल ‘कोणाला जावा’ हे नीट विचारून भरले जाते. मेल ‘कोणाकडून जावा’ ही चौकट मात्र जशी होती तशीच सोडली जाते. आमच्या मते या दुसऱ्या चौकटीवर पहिलीपेक्षा जास्त अवलंबून आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहोत.

आपल्या कार्यालयांना ही गोष्ट नवी नाही. कोणत्याही जुन्या कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. पत्र बाहेर पडताना त्यावर जावक क्रमांक पडतो, वर लेटरहेड असते, खाली पदनाम आणि सही असते. आंतर्देशीय पत्राच्या मागे पाठवणाऱ्याचे नाव आणि पत्ता लिहायला जागा छापलेलीच असते. ज्या पत्रावर तो नसतो आणि जे ज्याच्या नावे आहे त्याला मिळत नाही, ते टपाल खात्याच्या रिटर्न लेटर ऑफिसात जाते. टपाल खात्याने निदान त्यासाठी एक कार्यालय ठेवले आहे. ईमेलच्या व्यवस्थेत तसे कार्यालय नाही. तिथे परतीचा पत्ता चुकला की पत्र कुठेच राहत नाही.

आता यंत्राच्या पत्राकडे जवळून पाहू. ईमेलच्या प्रत्येक पत्राला पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात, आणि निम्मा गोंधळ या दोघांना एक समजण्यातून होतो. एक पत्ता पाकिटावरचा. मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे देताना ‘मेल फ्रॉम’ या आज्ञेने तो सांगितला जातो. पत्र पोचले नाही तर सूचना याच पत्त्यावर परत येते. दुसरा पत्ता आतल्या कागदावरचा, म्हणजे लेटरहेडचा. आपल्या फोनवर ‘फ्रॉम’ म्हणून दिसतो तो हा. 1982 च्या ऑगस्टमध्ये या दोन गोष्टी दोन वेगळ्या दस्तऐवजांत ठरल्या. पाकिटाची देवाणघेवाण कशी करायची हे जॉन पोस्टेल यांच्या आरएफसी 821 मध्ये, आणि कागदावर काय लिहायचे हे डेव्हिड क्रॉकर यांच्या आरएफसी 822 मध्ये. पोचवणारे शेवटचे यंत्र पाकिटावरचा पत्ता ‘रिटर्न-पाथ’ अशा ओळीत उतरवून ठेवते. आपण तो बहुधा पाहत नाही, पण जीमेलमध्ये ‘मूळ संदेश दाखवा’ केले की दिसतो.

यंत्राला हे दोन्ही पत्ते कोणी सांगितले नसतील तर ते स्वतः बनवते. कृती साधी आहे: ज्या खात्याच्या नावाने प्रोग्रॅम चालू आहे ते नाव, मग ‘@’, मग यंत्राचे स्वतःचे नाव. डिस्कची देखरेख करणारा एमडीएडीएम हा प्रोग्रॅम तर ‘फ्रॉम’च्या ओळीत नुसते ‘रूट’ लिहितो. ‘@’ आणि पुढचे सगळे पोस्टफिक्स आपल्या ‘मायओरिजिन’ या सेटिंगमधून जोडतो, आणि ते कोणी भरले नसेल तर यंत्राचे नाव वापरतो. डेबियन आणि उबंटूवर हे नाव ‘मेलनेम’ या छोट्या फाइलीतून येते. वेबसाइट चालवणारा पीएचपी प्रोग्रॅम मेल पाठवतो तेव्हा पाकिटावर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ हे खाते येते. लेटरहेडवर संस्थेचे सुंदर नाव असले तरी पाकिटावर हेच. अशी पत्रे आम्ही अनेकदा पाहिली आहेत. आत संस्थेचे बोधचिन्ह, मागे कोणालाच न कळणारा पत्ता.

आणि यंत्राचे नाव? ते बसवणाऱ्याने त्या दिवशी सुचेल ते दिलेले असते. ‘हिशेब’, ‘सर्व्हर1’, ‘मेन-पीसी’. त्यापुढे ‘लोकलडोमेन’ किंवा ‘लोकल’. कार्यालयाच्या भिंतींच्या आत ही नावे चालतात, तिथे कोणी विचारत नाही. बाहेरच्या जगात मात्र ती डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नावांच्या सूचीत, शोधली जातात आणि सापडत नाहीत. सापडणारही नाहीत. ‘लोकल’ हे शेपूट 2013 पासून एकाच जाळ्यातल्या यंत्रांनी एकमेकांना शोधण्यासाठी राखलेले आहे, आणि ‘इंटर्नल’ हे 2024 च्या जुलैमध्ये आयकॅन या संस्थेने खासगी वापरासाठी बाजूला ठेवले. या नावांनी बाहेर पत्र पाठवणे म्हणजे पाकिटावर ‘आमच्या वाड्यातली वरची खोली’ एवढाच पत्ता लिहिणे. वाड्यातल्या माणसाला तो पुरतो, पोस्टमनला नाही.

पूर्वी असे पत्र पोचत असे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मेल सर्व्हर एकमेकांवर विश्वास ठेवत आणि पत्ता खरा आहे का हे फारसे कोणी तपासत नसे. मग जाहिरातबाज आणि ठग आले, आणि दुसऱ्याच्या नावाने पत्रे धाडणे हा धंदा झाला. त्यावर तीन उपाय एकामागून एक उभे राहिले. एसपीएफमध्ये डोमेनचा मालक जाहीर करतो की आमची पत्रे फक्त या या यंत्रांवरून निघतात, आणि घेणारा पाकिटावरच्या पत्त्याशी ते ताडून पाहतो. डीकेआयएम म्हणजे पत्रावरचा डिजिटल शिक्का. डीमार्क हा 2015 मध्ये आरएफसी म्हणून प्रसिद्ध झालेला तिसरा उपाय. त्याचा रोख थेट लेटरहेडवर आहे: ‘फ्रॉम’मध्ये दिसणारे डोमेन हे पाकिटाच्या किंवा शिक्क्याच्या डोमेनशी जुळलेच पाहिजे. फेब्रुवारी 2024 पासून गुगलने खासगी जीमेल खात्यांना मेल पाठवणाऱ्या सगळ्यांकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक मागितले, आणि दिवसाला 5000 हून अधिक मेल पाठवणाऱ्यांकडून तिन्ही. याहूने त्याच सुमारास तसेच केले, आणि मे 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुक, हॉटमेल खात्यांसाठी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांकडून तिन्ही मागितले.

पतसंस्थेचे व्यवस्थापक म्हणतील, आम्ही कुठे 5000 मेल पाठवतो? बरोबर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या लक्षात येत नाही. मोठ्या संस्थेचे पत्र अडले की हजारो ग्राहक फोन करतात. अंतर्गत सर्व्हरचे दिवसाचे एक पत्र अडले तर ते आले नाही हे कोणाला जाणवतच नाही. धोक्याची सूचना ही अशी गोष्ट आहे की ती आली नाही तर माणूस सगळे ठीक आहे असे धरून चालतो.

मग पत्ता दुरुस्त करायचा कुठे? जागा तीन आहेत, आणि त्या तिन्हींत निवड करण्यातच खरे शहाणपण आहे. पहिली जागा प्रत्येक प्रोग्रॅमची स्वतःची. एमडीएडीएमला ‘मेलफ्रॉम’ अशी ओळ देता येते, पीएचपीला ‘-एफ’ हा पर्याय देता येतो, जिन्याखालच्या झेरॉक्स-स्कॅनर मशीनलाही पाठवणाऱ्याचा पत्ता भरायची चौकट असते. (त्या चौकटीत दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचा पत्ता सापडणे हे जवळजवळ नेहमीचेच आहे.) पण प्रोग्रॅम वाढत जातात, आणि नवा प्रोग्रॅम बसवणाऱ्याला ही शिस्त कोणी सांगितलेली नसते. एकेक गळती बुजवत बसले की पुढची राहतेच.

दुसरी जागा म्हणजे त्या यंत्राचे दार. पोस्टफिक्समध्ये ‘एसएमटीपी जेनेरिक मॅप्स’ नावाची सोय आहे. एका फाइलीत दोन रकाने लिहायचे. डाव्या बाजूला आतला पत्ता, ‘रूट@हिशेब.लोकलडोमेन’, आणि उजव्या बाजूला बाहेर दाखवायचा पत्ता. मग ‘पोस्टमॅप’ ही आज्ञा चालवायची आणि पोस्टफिक्सला सेटिंग पुन्हा वाचायला सांगायचे. या सोयीचा मोठा गुण असा की ती पत्र बाहेर पडतानाच लागू होते. आतल्या आत फिरणाऱ्या पत्रांना ती हात लावत नाही, आणि पाकीट आणि लेटरहेड दोन्ही एकदम बदलते. याउलट ‘मास्करेड डोमेन्स’ ही सोय यंत्राचे नाव सरसकट काढून टाकते. तीही कामाची आहे, पण दहा यंत्रे असलेल्या कार्यालयात तिच्यामुळे दहाही यंत्रांची पत्रे एकाच नावाने येऊ लागतात, आणि कोणाची डिस्क गेली हे पत्रावरून कळत नाही. म्हणून आमचा कौल पहिल्या सोयीला. डावीकडची नावे बदलावीत, पण उजवीकडे यंत्राची ओळख राखून.

तिसरी जागा म्हणजे बाहेर नेणारी मेलसेवा किंवा कार्यालयाचा मुख्य मेल सर्व्हर. काही सेवा इथे स्वतःच हस्तक्षेप करतात. जीमेलच्या खात्यातून पाठवले की ‘फ्रॉम’ त्या खात्याचाच होतो. अ‍ॅमेझॉनची एसईएस सेवा पडताळणी न झालेल्या पत्त्यावरून आलेले पत्र घेतच नाही. सगळा भार या तिसऱ्या जागेवर टाकणे सोपे वाटते, पण तिथपर्यंत पोचेस्तोवर पत्राचा उगम पुसट झालेला असतो. यंत्राची ओळख जितक्या यंत्राजवळ ठरेल तितकी ती खरी राहते.

या कामात एक पत्ता मात्र भरायचा नसतो, तो रिकामाच ठेवायचा असतो. ‘पत्र पोचले नाही’ ही सूचना ज्या पाकिटातून येते त्यावर पाठवणारा कोणीच नसतो, नुसत्या कंसांच्या दोन खुणा असतात. हे मुद्दाम केलेले आहे. तसे नसते तर न पोचलेल्या सूचनेची सूचना, तिची पुन्हा सूचना, असे दोन यंत्रांत अखंड चालू राहिले असते. उत्साही माणूस ‘रिकामे कशाला?’ म्हणून तिथेही संस्थेचा पत्ता बसवणारा नियम लिहितो, आणि रविवारच्या रात्री दोन सर्व्हर एकमेकांना हजारो पत्रे पाठवत बसतात. तो रिकामा पत्ता चूक समजू नये.

दुसरा मोह दुसऱ्याचा पत्ता वापरण्याचा. शाळेच्या संकेतस्थळावर पालकाने तक्रार भरली की प्रोग्रॅम ती मुख्याध्यापकांना मेल करतो, आणि ‘फ्रॉम’मध्ये पालकाचाच पत्ता टाकतो, म्हणजे उत्तर सरळ पालकाला जावे. हेतू चांगला, पण हे पत्र पालकाने पाठवलेले नाही, शाळेच्या सर्व्हरने पाठवले आहे. एप्रिल 2014 मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचा ‘नाकारा’ हा कडक नियम लावला, आणि जगभरची अशी पत्रे एका रात्रीत अडू लागली. यावर उपाय ईमेलमध्ये आधीपासूनच आहे. ‘फ्रॉम’मध्ये शाळेचा पत्ता, ‘रिप्लाय-टू’मध्ये पालकाचा. कोण बोलत आहे आणि उत्तर कोणाला द्यायचे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की खोटेपणाही टळतो आणि सोयही होते.

बाहेर दाखवायचा पत्ता कसा असावा, यावर आमचे मत स्पष्ट आहे. तो खऱ्या, नोंदलेल्या डोमेनवरचा हवा. शक्य असेल तर यंत्रांसाठी एक उपडोमेन वेगळे काढावे, म्हणजे त्याचा एसपीएफ वेगळा लिहिता येतो आणि यंत्रांच्या चुकीने संस्थेच्या मुख्य डोमेनला बट्टा लागत नाही. त्या पत्त्यावर टपाल घेणारी पेटी हवी, आणि ती उघडणारा माणूस हवा. पत्ता व्यक्तीचा नको, पदाचा हवा. संगणक पाहणारा तरुण उद्या दुसरीकडे जाईल, त्याच्या नावाचा पत्ता बंद होईल आणि आपण पुन्हा त्या बंद खोलीत येऊ. ‘पोस्टमास्टर’, ‘अब्यूज’ यांसारखे पदाचे पत्ते ठेवण्याचा संकेत इंटरनेटवर 1997 मध्येच लिहून ठेवलेला आहे. कारण हेच.

‘नो-रिप्लाय’ हा पत्ता त्यामुळे आम्हाला पटत नाही. अमेरिकेतल्या एका गृहस्थांनी 2000 साली ‘डूनॉटरिप्लाय डॉट कॉम’ हे डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवले. अनेक बँका आणि कंपन्या तेव्हा आपल्या स्वयंचलित पत्रांवर पाठवणारा म्हणून हेच डोमेन लिहीत होत्या, जणू ते कोणाचेच नाही. ग्राहकांची उत्तरे आणि न पोचलेली पत्रे, त्यांतल्या खासगी मजकुरासह, त्या गृहस्थांच्या पेटीत येऊ लागली. 2008 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने ही हकीकत छापली. डोमेन दुसऱ्याचे असेल तर आपली गुपिते त्याच्या घरी जातात, आणि आपले असून पेटी नसेल तर ती हवेत विरतात. ‘उत्तर देऊ नका’ असे यंत्राने सांगणे एकवेळ समजू शकते. पण ज्याची कर्जाची नोटीस चुकली आहे त्या शेतकऱ्याने त्याच पत्राला उत्तर देऊन ‘हा हप्ता मी भरला आहे’ असे कळवले, तर ते कोणाच्या तरी हाती पडलेच पाहिजे.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पत्त्यासोबत दिसणारे नाव देवनागरीत लिहावे, जरूर लिहावे. ‘हिशेब सर्व्हर, मुख्य कार्यालय’ असे नाव फोनवर दिसले की पत्र उघडले जाते. पण हे नाव हेडरमध्ये कच्च्या स्वरूपात टाकून चालत नाही. ते 1996 च्या आरएफसी 2047 मध्ये सांगितलेल्या पद्धतीने सांकेतिक करून जावे लागते, नाहीतर पलीकडे प्रश्नचिन्हे आणि टोपीवाली लॅटिन अक्षरे उगवतात. चांगल्या प्रोग्रॅमना हे येते, घाईत लिहिलेल्या स्क्रिप्टना येत नाही. पत्ताच देवनागरीत ठेवण्याची सोयही आज आहे. ‘.भारत’ ही डोमेने 2014 पासून मिळतात, आणि पोस्टफिक्सने 2015 मध्ये, आपल्या 3.0 आवृत्तीत, असे पत्ते स्वीकारायला सुरुवात केली. तो दिवस आम्हाला हवा आहे. पण वाटेतला प्रत्येक सर्व्हर तयार असेल याची खात्री नसताना डिस्क मेल्याची सूचना त्याच्या भरवशावर सोडू नये. तूर्त नाव देवनागरीत आणि पत्ता रोमनमध्ये.

बदल केला की तपासणी हवी, आणि ती बाहेरच्या खात्यावर पत्र पाठवून. आतल्या आत पाठवलेले पत्र नेहमीच पोचते, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. बाहेर पोचलेले पत्र उघडावे, मूळ संदेश पाहावा, ‘रिटर्न-पाथ’ आणि ‘फ्रॉम’ शेजारी ठेवून वाचावेत. मग मुद्दाम एका नसलेल्या पत्त्यावर पत्र पाठवावे आणि ‘पोचले नाही’ ही सूचना कोणाच्या हाती येते ते बघत बसावे. पहिली तपासणी पुष्कळ जण करतात. दुसरी करणारे आम्हाला फार थोडे भेटले.

त्या पतसंस्थेत आमच्या स्नेह्यांनी त्या संध्याकाळी जेवढे बदलले ते वहीच्या अर्ध्या पानात मावले असते. जेनेरिक मॅपमध्ये चार ओळी, ‘मायओरिजिन’ला संस्थेचे खरे डोमेन, रूटच्या टपालाला तीन जणांकडे वळवणारी एक ओळ, आणि डीएनएसमध्ये एसपीएफची नोंद. मग त्यांनी एका नसलेल्या पत्त्यावर पत्र धाडले आणि तिघांच्या फोनवर सूचना वाजेपर्यंत खुर्ची सोडली नाही. डिस्क दुसऱ्या दिवशी पुण्याहून यायची होती. सकाळी साडेसहाला संस्थेच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. आवाजात काळजी होती. “सर, हिशेब सर्व्हरचा मेल आलाय, एक डिस्क बंद आहे म्हणतोय. हे तुम्ही काल बोलत होतात तेच ना? मी आठला ऑफिस उघडून ठेवते.”